पूर्वचाचणी जूनमध्ये, उत्तरचाचणी मार्चमध्ये, मध्ये उसाचा हंगाम

केंद्राच्या, म्हणजे आजूबाजूच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत नवा उपक्रम आला की कोल्हापूर जिल्ह्यातल्या शाहूवाडी, गगनबावड्याकडच्या शिक्षकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "दोन शिक्षकी शाळेत हे बसवायचं कसं?" ऐकणाऱ्याला तो विरोध वाटतो. मला तो संशोधनातला सगळ्यात मोलाचा प्रश्न वाटतो, कारण कोणताही प्रयोग कुठल्या ना कुठल्या अटींवर यशस्वी झालेला असतो आणि परिपत्रकात नेमक्या त्या अटीच गळतात.

स्तरानुसार अध्यापनाचंच घ्या, म्हणजे इयत्तेऐवजी मुलाला आज जेवढं वाचता येतं तिथून शिकवणं. 'प्रथम' या शिक्षणात काम करणाऱ्या संस्थेसोबत अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत अनेक राज्यांत तपासली. बिहार, उत्तराखंडात नेहमीच्या शाळेत शिक्षकांना नुसतं साहित्य आणि प्रशिक्षण दिलं, तेव्हा फारसं काही हललं नाही. हरियाणात रोजचा एक तास राखून ठेवला, इयत्ता बाजूला ठेवून मुलांचे वाचनस्तरानुसार गट केले, वरून नियमित शाळाभेटी झाल्या. तिथं वाचन सुधारलं. म्हणजे काम केलं ते राखीव तासानं आणि पाठबळानं. आपल्याकडे मात्र साहित्याची पेटी आधी पोचते आणि तास कुणी राखत नाही. ऑनलाइन माहिती तातडीनं मागितली की पहिला बळी त्याच तासाचा जातो.

पहिली ते चौथीच्या दोन शिक्षकी शाळेतही हे जमतं. एका शिक्षकानं अक्षर आणि शब्द स्तरावरची मुलं घ्यावीत, दुसऱ्यानं परिच्छेदाची. गोष्ट वाचणाऱ्यांनी जोडीनं वाचावं. दर पंधरा दिवसांनी प्रत्येकाला दोन मिनिटं ऐकून गट बदलायचे. हे बदलणं राहिलं की पद्धत मोडते : ऑगस्टमधला 'शब्दवाला' मुलगा फेब्रुवारीतही तिथंच बसलेला दिसतो, आणि आपण त्याच गटातले आहोत हे त्यालाही पटलेलं असतं.

आता कृतिसंशोधन, म्हणजे शिक्षकानं आपल्याच वर्गातल्या अडचणीवर उपाय करून तो तपासणं. साचा सगळ्यांना पाठ आहे : समस्या, कारणं, कृतिगृहीतक (अमुक केलं तर तमुक सुधारेल, हा अंदाज), पूर्वचाचणी, उपक्रम, उत्तरचाचणी. त्यात दोन ठिकाणी हमखास फसगत होते. वर्गातली सर्वांत कच्ची दहा मुलं निवडली की त्यांतल्या काहींचा तो दिवसच वाईट गेलेला असतो. उपक्रम न करताही पुढच्या वेळी सरासरी थोडी वर सरकते. उरलेल्या वर्गाचीही दोन्ही वेळा चाचणी घ्या आणि कच्च्या मुलांची वाढ त्यांच्यापेक्षा किती जास्त झाली ते पाहा. पण सरासरी आपोआप वर सरकल्याची शंका यानं जात नाही. पूर्वचाचणी आठवड्याच्या अंतरानं दोनदा घेतली तर ती बरीच कमी होते.

दुसरी फसगत आपल्या जिल्ह्याची खास. करवीर, शिरोळ, हातकणंगल्यात साखर कारखान्यांचं गाळप सुरू झालं की ऊसतोड कामगारांची मुलं वर्गात येतात आणि हंगाम संपला की जातात. जूनची सरासरी आणि मार्चची सरासरी ही एका वर्गाची नसतेच. दोन्ही चाचण्यांना हजर असलेल्यांचेच गुण ताडून पाहा. आलेल्या-गेलेल्या मुलांची वेगळी यादी करा, पण ती अहवालातून वगळू नका. खरा प्रश्न तिथंच आहे. उत्तरचाचणीला उतारा तेवढ्याच कठीण पातळीचा, पण नवा हवा, आणि शक्यतो दुसऱ्या शिक्षकानं ऐकावं.

ऐकण्यातही फरक पडतो. पानावर 'तो खेळत आहे' असं आहे आणि मुलगी वाचते, "त्यो खेळालाय." एक शिक्षक चूक धरतो, दुसरा बरोबर. अर्थ तर तिला पूर्ण कळलाय, घरच्या बोलीत तिनं तो सांगितलाय. माझ्या मते आकलनात हे बरोबर धरावं आणि अचूक वाचनाची नोंद वेगळी ठेवावी. पण नियम चाचणीआधी ठरायला हवा. नाहीतर दोन शाळांचे आकडे शेजारी मांडण्यात अर्थ नाही.

हे ठरवायची जागा शिक्षण परिषद. आजूबाजूच्या शाळांनी एकत्र येऊन एकमेकांना आधार द्यावा, ही शाळासमूहाची कल्पना कोठारी आयोगानं (१९६४-६६) मांडली होती, आणि त्या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक आपल्याच आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीचे. पुढच्या परिषदेत सूचना वाचून झाल्या की अर्धा तास मागून घ्या. चार मुलांच्या वाचनाचं ध्वनिमुद्रण नावं न सांगता ऐकवा, प्रत्येकानं स्तर आपापल्या कागदावर लिहावा, मग कागद उघडावेत. जिथं मतं फाटतील, तिथून चर्चा सुरू करा.