इतकी चांगली होती, तर बंद का पडली?

'फ्रीक्स अँड गीक्स'चं नाव काढलं की समोरचा माणूस आधी फोनवर शोधतो आणि मग विचारतो, "अहो, एकच सीझन? इतकी चांगली होती म्हणता, तर बंद का पडली?" प्रश्न रास्त आहे. आपल्याकडे हजार भाग ओलांडूनही मालिका संपायचं नाव घेत नाहीत, आणि मी मात्र पंचवीस वर्षांपूर्वी गुंडाळलेल्या १८ भागांच्या अमेरिकन मालिकेची शिफारस करत हिंडतो. एरवी चहा संपेपर्यंत जेवढं सांगून होतं तेवढं सांगतो. आज तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर.

आधी व्यवहाराची बाजू उरकून घेतो. मालिका एनबीसी या अमेरिकन वाहिनीवर २५ सप्टेंबर १९९९ ला सुरू झाली, शनिवारी रात्री आठ वाजता. शाळकरी मुलांवरची मालिका आणि वेळ शनिवार रात्रीची! त्या वेळी घरी कोण असणार, तर ज्यांना कुणी कुठे बोलावलेलं नाही ती पोरं. म्हणजे मालिकेतलीच. मधेमधे खाडे पडले. मग नव्या वर्षात तिला सोमवारी हलवलं, तर समोर एबीसीवर 'हू वॉन्ट्स टू बी अ मिलियनेअर', म्हणजे आपल्या केबीसीचं मूळ, जोरात चालू होतं. बारा भाग दाखवून वाहिनीनं हात वर केले. तीन भाग जुलै २००० मध्ये कसेबसे उरकले, आणि राहिलेले तीन पुढे फॉक्स फॅमिली नावाच्या केबल वाहिनीवर लागले.

एवढ्यावर थांबलं तर 'बिचारी मालिका, वेळ चुकली' असं म्हणून विषय संपतो. माझं मत वेगळं आहे. चांगल्या वेळेला लावली असती तरी ती फार चालली नसती. का, ते तिच्या पहिल्या काही मिनिटांतच दिसतं.

शाळेचं मैदान. प्रेक्षकांसाठीच्या उंच, पायऱ्यापायऱ्यांच्या बाकांवर एक फुटबॉल खेळाडू आणि त्याची चीअरलीडर प्रेयसी, दोघंही देखणी, एकमेकांवर किती प्रेम आहे ते अगदी गंभीरपणे सांगताहेत. अशा मालिका तेव्हा ढिगानं होत्या. मग कॅमेरा सरळ खाली उतरतो, बाकांच्या खाली. तिथे मळक्या जॅकेटांतली, सिगारेटी फुंकणारी, रॉक बँडांवर बोलणारी टोळी उभी आहे. हे फ्रीक्स. थोड्या अंतरावर तीन किरकोळ पोरं सिनेमातल्या नकला करताहेत आणि त्यांना मारायला कुणीतरी येतोय. हे गीक्स. वरची जोडी पुन्हा फारशी दिसतच नाही.

गाव चिपेवा, राज्य मिशिगन, डेट्रॉइटचं एक उपनगर, साल १९८०-८१. गाव काल्पनिक, पण ते कुठून आलं ते लपवलेलं नाही. मालिका रचणारा पॉल फीग त्याच भागात, माउंट क्लेमेन्सला वाढला आणि चिपेवा व्हॅली हायस्कूलमध्ये शिकला. त्याच्या वडिलांचं लष्करी उरलंसुरलं सामान विकायचं दुकान होतं. मालिकेतल्या वडिलांचं, हॅरॉल्ड वीअरचं, खेळाच्या सामानाचं आहे. फीग आणि निर्माता जड अ‍ॅपटाऊ यांनी लेखकांना सुरुवातीला काय करायला लावलं, तर स्वतःच्या शाळेतले सगळ्यात लाजिरवाणे प्रसंग लिहून काढायला. त्यातून बरीच कथानकं निघाली. हॅरॉल्डचा मुलगा सॅम, तीन गीक पोरांपैकी एक, एक दिवस आकाशी रंगाचा, गळ्यापासून पायापर्यंत एकसंध असा 'पॅरिसियन' सूट घालून ऐटीत शाळेत येतो. दारातून आत पाऊल टाकताच आपण काय करून बसलोय ते त्याला कळतं, आणि पुढचा अख्खा दिवस अजून जायचा असतो. तो सूट फीगनं खरोखर विकत घेतला होता.

सॅमची मोठी बहीण लिंडसे. आपल्या भाषेत सांगायचं तर बोर्डात येणार अशी घरादाराची खात्री असलेली मुलगी, शाळेच्या गणिताच्या संघातली हुकमी एक्का. तिची आजी वारते. शेवटच्या क्षणी खोलीत एकटी लिंडसेच असते. ती आजीला विचारते, काही दिसतंय का, प्रकाश वगैरे? आजी सांगते, काहीच नाही. त्यानंतर लिंडसे गणिताचा संघ सोडते, वडिलांचं हिरवं लष्करी जॅकेट अंगावर चढवते आणि बाकांखालच्या टोळीत जाऊन उभी राहते. तिला तिथेही कुणी मनापासून हवं म्हणत नाही, ही पुढची गंमत. घरच्यांना वाटतं पोरगी बिघडली. खरं कारण ती एकदाच सांगते, तेही भावाला.

आता मुद्द्यावर येतो. वाहिनीला ही मालिका उदास वाटायची. पोरांना अधूनमधून तरी जिंकवा, असा आग्रह असायचा, असं फीग-अ‍ॅपटाऊंनी नंतर सांगितलंय. तो आग्रह मूर्खपणाचा होता असं मी म्हणणार नाही. दिवसभर दमून घरी आलेल्या माणसाला कुणीतरी जिंकलेलं बघायचं असतं, आणि वाहिनी त्याच्याच जिवावर चालते. पण या मंडळींनी त्यावर काय केलं ते बघा.

बिल हॅव्हरचक. उंच, सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारखा चष्मा, चालणं-बोलणं सगळं संथ. खेळाच्या तासाला संघ निवडताना तो, सॅम आणि तिसरा गीक नील कायम शेवटी उरतात. बिल एके रात्री आवाज बदलून खेळाच्या सरांना फोन करतो आणि मनसोक्त शिव्या घालतो. सर आवाज ओळखतात. पुढच्या तासाला ते या गीक पोरांनाच कॅप्टन करतात. बेसबॉल चालू आहे, चेंडू उंच उडतो, बिल मान वर करून धावतो आणि झेल घेतो! संघ वेडा होऊन नाचतो. वाहिनीला हवा होता तो विजय हाच. फक्त डाव अजून संपलेला नसतो, आणि ही पोरं नाचत असताना समोरची पोरं आरामात धावा काढून घेतात. बिलच्या ते गावीही नाही. मला विचाराल तर मालिका का बंद पडली आणि का बघावी, या दोन्ही प्रश्नांचं उत्तर या एका प्रसंगात आहे.

असंच फ्रीक्सच्या टोळीतल्या निक अँडोपोलिसचं. तळघरात त्याचा २९ तुकड्यांचा ड्रमसेट, डोक्यात फक्त ड्रम. दुसऱ्या कुठल्याही मालिकेत हा पोरगा घाम गाळून, वडिलांचा विरोध मोडून शेवटी टाळ्या मिळवतो. इथे लिंडसेच्या आग्रहानं तो खऱ्या बँडपुढे वाजवायला जातो, आणि त्याचा ताल टिकत नाही. त्याला येत नाही, एवढंच. आवड आहे, मेहनतीची तयारी आहे, हात नाही. शाळेत आपल्याबरोबर असा एक तरी होता. आणि आपण त्याच्यावर ना कधी कथा लिहिली ना सिनेमा काढला.

सगळ्यात जास्त मात्र मी नील श्वायबरच्या भागाबद्दल बोलतो, आणि मग लोक घड्याळाकडे बघायला लागतात. नील म्हणजे तोंडाळ, विनोदी, स्वतःला चाळिशीतला नट समजणारा चौदा वर्षांचा पोरगा. त्याचे वडील दंतवैद्य, हसरे, सगळ्यांना हवेहवेसे. नीलचा तर ते देवच. एकदा वडिलांच्या गाडीत त्याला गॅरेजचं दार उघडायचा रिमोट सापडतो, आणि तो त्यांच्या घराचा नसतो. म्हणजे कुठल्या तरी दुसऱ्या घराचा. नील सायकल काढतो आणि आळीआळीतून रिमोट दाबत फिरतो. शोध घेणारा पोरगा, सायकल, उपनगरातले रस्ते: हे सगळं मुलांच्या साहसकथेतलं साहित्य आहे, फक्त इथे शोध लागू नये असं आपल्याला वाटत राहतं. शेवटी एक दार वर जातं. आत वडिलांची गाडी.

नंतर भांडण नाही, बापलेकाचा मोठा संवाद नाही. पुढे नील बोलक्या बाहुल्याचे प्रयोग करायला लागतो आणि घरच्या पार्टीत त्या बाहुल्याच्या तोंडून जे बोलायचं ते बोलतो. ते बघताना हसावं की नाही कळत नाही, आणि विनोदी मालिकेत प्रेक्षकाला असं अडकवून ठेवायला हिंमत लागते.

उणं काहीच नाही असं मात्र नाही. १९८० चं डेट्रॉइट म्हणजे कृष्णवर्णीयांची बहुसंख्या असलेलं शहर, आणि गाड्यांच्या कारखान्यांना मंदीनं घेरलेलं. इथे ते शहर हाकेच्या अंतरावर आहे, आणि पडद्यावरच्या शाळेत मात्र जवळपास सगळे चेहरे गोरे. उपनगरं तशीच होती, हे उत्तर मिळतं. पण ती तशी का होती याची मालिकेला फारशी उत्सुकता नाही. गरिबीच्या जवळ ती एकदाच जाते, किम केलीच्या घरी. तोंडानं फटकळ, हातानं त्याहून फटकळ अशी ही मुलगी लिंडसेला जेवायला घेऊन जाते, आणि त्या घरात जे घडतं त्यानंतर किमचा राग यायचा बंद होतो. हा चौथा भाग एनबीसीनं दाखवलाच नाही. त्यामुळे त्या वेळच्या प्रेक्षकांना या दोघी एकमेकींच्या मैत्रिणी कधी झाल्या हे कळायला मार्गच नव्हता.

कुणीतरी हमखास म्हणतं, "पण शेवटी जिंकलेच ना ते! सेथ रोगन, जेसन सीगल, जेम्स फ्रँको, सगळे इथलेच." खरंय. लिंडसे झालेली लिंडा कार्डेलिनी, किम झालेली बिझी फिलिप्स, त्यासुद्धा. २००० चा एमी हा टीव्हीचा पुरस्कारही मिळाला, पात्रनिवडीसाठी. पण हे उत्तर मला पटत नाही. ती नटमंडळी पुढे गाजली म्हणून आधीची फजिती भरून निघाली, असं म्हणणं म्हणजे वाहिनीचाच आग्रह पुन्हा पुढे रेटणं. निक, बिल, किम यांचं पुढे काहीही झालेलं असू शकतं. निक कदाचित कुठल्या तरी गोदामात काम करत असेल आणि शनिवारी ड्रम वाजवत असेल, अजूनही बेतालच.

शेवटाबद्दलही विचारतात, कारण अर्ध्यात बंद पडलेल्या मालिकेला शेवट कसा असेल? आहे. आपला गाशा गुंडाळला जाणार हे ओळखून त्यांनी शेवटचा भाग आधीच चित्रित करून ठेवला; दिग्दर्शन स्वतः फीगचं. त्यात जेम्स फ्रँकोचा डॅनियल, टोळीतला सगळ्यात रुबाबदार पोरगा, शिक्षा म्हणून गीक मंडळींच्या दृकश्राव्य वर्गात येऊन पडतो आणि त्यांच्याबरोबर डंजन्स अँड ड्रॅगन्स हा कल्पनेतली पात्रं होऊन खेळायचा खेळ खेळायला बसतो. त्याच्या पात्राचं नाव कार्लोस द ड्वार्फ. त्याला खेळ मनापासून आवडतो, उद्या परत खेळू म्हणतो. तो आत गेल्यावर पोरं आपसात चर्चा करतात: याचा अर्थ तो गीक झाला की आपण भारी झालो? सॅमचं काम करणारा जॉन फ्रान्सिस डेली पुढे दिग्दर्शक झाला, आणि २०२३ मध्ये त्यानं सहदिग्दर्शित केलेला सिनेमा याच डंजन्स अँड ड्रॅगन्सवरचा होता. हा योगायोग मला त्या एमीपेक्षा जास्त आवडतो.

बघायची असेल तर पहिल्या भागापासून क्रमानं बघा. गाणी मूळचीच आहेत ना, तेवढी खात्री करून घ्या. त्यांच्या हक्कांपायी डीव्हीडी यायला २००४ उजाडलं होतं. एका भागात बिल रिकाम्या घरी येतो, चीज सँडविच भाजतो, केकचा तुकडा आणि दूध घेऊन टीव्हीसमोर बसतो आणि एका विनोदवीराला बघून एकटाच खो खो हसतो. त्याचं हसणं आपल्याला ऐकू येत नाही, वर 'द हू' या रॉक बँडचं गाणं वाजत असतं. तिथे दुसरं कुठलंही संगीत घातलेली प्रत मिळाली तर ती परत करा.