हा मुलगा तुमचा कोण?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. जिन्यात भेटलं की आमच्या सोसायटीतलं कुणी ना कुणी विचारतंच. खाली रिक्षा लागते, तो वर येतो, दार ढकलून थेट फ्रिजमधली पाण्याची बाटली काढतो. मला ‘काकू’ म्हणतो, मी त्याला ‘अरे-तुरे’ करते. भाचा म्हणावं तर चेहरेपट्टीत कुठे मेळ नाही. मग प्रश्न येतो, “हा तुमचा कोण?”

मी सांगते, “राजाचा बाबा.” कुत्री पाळणाऱ्यांना तेवढं पुरतं.

आमची पहिली भेट पुण्यातल्या वेताळ टेकडीवरची. मी आणि माझी गोदा (गावठी, तांबूस, एका कानाने पडलेली) रोज पहाटे जायचो. एके दिवशी उंदीरमारीच्या झाडांमधून एक उंच, सडपातळ कुत्रा आला. बरगड्या मोजून घ्याव्यात अशा. मागून पंचविशीतला मुलगा. मी त्याला फाडकन म्हणाले, “पोटाला घालत नाहीस का रे याला?” त्याचा चेहरा उतरला. मग शांतपणे म्हणाला, “काकू, कारवानी आहे हा. याच्या बरगड्या दिसल्या नाहीत तर काळजी करायची.” लातूरकडचं आपलं हे शिकारी कुत्रं, उघड्या माळावर सशामागे पळण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या जोपासलेलं, मला ओळखू आलं नव्हतं. त्या बोलण्याचं मला आजही वाईट वाटतं.

राजा आणि गोदाचं मात्र त्याच दिवशी जमलं. त्यामुळे आम्हाला थांबणं भाग होतं. आपल्याकडे नवा माणूस भेटला की आधी आडनाव, मग गाव, मग ‘म्हणजे तुम्ही कुठले?’ हे विचारल्याशिवाय गाडी पुढे सरकत नाही. काय चाचपतो आपण त्यातून, ते सगळ्यांना ठाऊक आहे. कुत्र्यांच्या संगतीत विचारपूस वेगळी असते. वय किती? इंजेक्शनं झाली का? दही पचतं का? मी बँकेतून निवृत्त झाले आहे आणि तो रात्रपाळीची रिक्षा चालवतो, हे एकमेकांना कळायलाच दोन-तीन महिने गेले. फोनमध्ये तो ‘राजाचा बाबा’ आणि मी त्याच्या फोनमध्ये ‘गोदाची आई’. पोटच्या मुलीलाही कधी सांगितलं नाही इतकं मी त्या टेकडीवर बोलले असेन, कारण बोलताना दोघांचेही डोळे कुत्र्यांवर असायचे. समोरासमोर बसून माणसाला अवघड जातं ते चालता चालता सहज निघतं.

मग 2021 चा सप्टेंबर आला. पावसाळा सरताना गोचिडांचा सुळसुळाट होतो. गोदाने दोन दिवस अन्नाला तोंड लावलं नाही, लघवी कोऱ्या चहासारखी झाली. ओठ उचलून पाहिला तर हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या. डॉक्टर म्हणाल्या, गोचिडातून येणारा बबेसिया नावाचा परजीवी आहे, रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. हिमोग्लोबिन 4 वर आलं होतं, निरोगी कुत्र्याचं 12 च्या वर असतं. “आज रात्रीच रक्त लागेल.”

कुत्र्याला कुत्र्याचंच रक्त लागतं. देणारा धडधाकट हवा, साधारण 1 ते 8 वर्षांचा, 25 किलोंच्या वरचा, लसी झालेला. रात्री अकराला मी फोन लावत सुटले. एक लॅब्रॉडॉर औषधावर होता, एकाचे मालक परगावी. एकीने सांगितलं, “मला भीती वाटते हो.” तिचा मला राग नाही, मलाही वाटली असती. राजाच्या बाबाला मी शेवटी फोन केला, कारण ती त्याची धंद्याची वेळ. पंचवीस मिनिटांत रिक्षा दारात. मागच्या सीटवर राजा.

वजन 27 किलो. आधी त्याच्याच रक्ताची तपासणी झाली, कारण त्यालाच गोचीड ताप असला तर सगळंच फुकट. मग मानेवरचे केस भादरले. बाबाने त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि कानात काहीतरी पुटपुटत राहिला. पिशवीत 450 मिली रक्त उतरलं. राजा हलला नाही. डॉक्टरांनी समजावलं, कुत्र्यांचेही रक्तगट असतात, पण परक्या गटाशी भांडणारी प्रतिपिंडं माणसासारखी आपोआप तयार झालेली सहसा नसतात, म्हणून पहिल्या वेळचं रक्त बहुतेकदा निभावतं. पुढच्या वेळी जुळवून पाहिल्याशिवाय द्यायचं नाही.

मग थेंब थेंब, जवळजवळ चार तास. आम्ही दोघं बाकावर बसलो होतो. त्याने त्या रात्री पहिल्यांदा त्याच्या वडिलांबद्दल सांगितलं. ते इथे लिहिणार नाही. पहाटे गोदाचा ओठ उचलला तर आत किंचित गुलाबी छटा होती. मी पर्स उघडली, रात्रीचा धंदा बुडाला होता त्याचा. तो म्हणाला, “राहू द्या. घरी गेल्यावर राजाला चार अंडी उकडून द्या.” मी आठ उकडली, चार त्याच्यासाठी.

गोदा त्यानंतर तीन वर्षं जगली. म्हातारपणाने गेली, माझ्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात. त्या दिवशीही रिक्षा आलीच, आणि तिला शेवटचं न्यायला मला एकटीला जावं लागलं नाही. लोकांना वाटलं आता या बाईंचं टेकडीवर जाणं सुटेल. दोन आठवडे मी गेले नाही हे खरं. मग एके पहाटे साडेपाचला बेल वाजली. दारात राजा, आणि खालून आवाज, “काकू, हा तुमच्या दारातच हटून बसलाय!”

गेल्या वर्षी त्याचं लग्न ठरलं. त्याची आई लातूरहून आली होती, ती स्वतः पत्रिका द्यायला आली, हळद-कुंकू लावून हातात दिली. त्याचं पूर्ण नाव, आडनावासकट, मी त्या पत्रिकेवर पहिल्यांदा वाचलं. खाली किलबिल होती, घरातल्या लहान मुलांच्या नावाने छापतात ती. ‘आमच्या दादाच्या लग्नाला यायचं हं!’ आणि त्याखाली दोन नावं. राजा, गोदा.