तुम्ही विचारलंत म्हणून: आयरिश लोकांची भाषा गेली कुठे?

मालवणला गेले की पहिल्याच संध्याकाळी आत्या विचारते, "ते इंग्रजच ना गो? इंग्लिशच बोलतत. मगे तेंची भाषा खंय गेली?" पुण्यातल्या मैत्रिणी हेच जरा वेगळ्या शब्दांत विचारतात. २०१७ मध्ये लिओ वराडकर आयर्लंडचे पंतप्रधान झाले तेव्हापासून आमच्याकडे हा प्रश्न जास्तच येतो, कारण त्यांच्या वडिलांचं वराड गाव आमच्याच तालुक्यातलं. आयर्लंडमधल्या गॉलवेत राहून मला अकरा वर्षं झाली. दर वेळी मी दोन वाक्यांत उत्तर देऊन मोकळी होते, आणि रात्री अंथरुणावर पडल्यावर वाटतं की आत्याला खरं काही सांगितलंच नाही. म्हणून आज नीट सांगते.

भाषा आहे. तिचं तिच्यातलं नाव गेल्गे, इंग्रजीत बोलताना इथले लोक तिला 'आयरिश' म्हणतात. बाहेरून आलेला कुणी 'गेलिक' म्हणाला तर हळूच दुरुस्त करतात. ती इंग्रजीची बोली अजिबात नव्हे. केल्टिक कुळातली ही भाषा, स्कॉटलंडच्या गेलिकची सख्खी बहीण आणि वेल्शची चुलत बहीण.

तीन वर्षांपूर्वी मी संध्याकाळच्या वर्गाला नाव घातलं. पहिल्या दिवशी बाईंनी आकडे शिकवले: त्री, शाख्त, ओख्त, नी, देह. मी वहीत शेजारी लिहीत गेले: तीन, सात, आठ, नऊ, दहा. मग सर्वनामं आली. समोरच्या एका माणसाला आयरिशमध्ये काय म्हणतात? तू. मी पेन खाली ठेवलं. संस्कृत आणि आयरिश एकाच फार जुन्या मुळाच्या दोन टोकांच्या फांद्या आहेत हे मी कुठेतरी वाचलं होतं, पण वाचणं वेगळं आणि आपला 'तू' असा अचानक भेटणं वेगळं.

पुढे व्याकरण सुरू झालं तसा वर्गातल्या इंग्रजी वळणाच्या लोकांना घाम फुटू लागला. या भाषेत 'टू हॅव' असं क्रियापदच नाही. पुस्तक माझ्यापाशी असतं: 'ता ल्याउर अगम'. भूक माझ्यावर असते: 'ता ओक्रस ओरम'. डब्लिनचे दोघं पुनःपुन्हा अडखळत होते आणि मी मनात म्हणत होते, यात अवघड काय आहे, माका भूक लागली! आणि सगळ्यात मला आवडलं ते हे की आयरिशमध्ये 'हो' आणि 'नाही' यांना स्वतंत्र शब्दच नाहीत. समजलं का, असं विचारलं की समजलं किंवा नाही समजलं, असं क्रियापदच परत द्यायचं. आपणही निम्म्या वेळा तेच करतो.

अशी भाषा एका देशाच्या तोंडून गेली कशी? जुना काळ मी भरभर सांगते. दगडांच्या कडांवर रेघा कोरून लिहिण्याची ओगम नावाची लिपी चौथ्या-पाचव्या शतकातली, ते दगड अजून उभे आहेत. पुढे मठांतले भिक्षू लॅटिनच्या जोडीने आयरिशमध्ये लिहू लागले. पश्चिम युरोपातल्या लोकभाषांतलं सगळ्यात जुनं साहित्य ज्या थोड्या भाषांत आहे त्यांत ही येते. व्हायकिंग आले, त्यांनी डब्लिन वसवलं. ११६९ मध्ये नॉर्मन आले, तेव्हा इंग्लंडवर राज्य करणारे फ्रेंचभाषक. त्यांचं काय झालं ते ऐका: दोनशे वर्षांत ते इतके आयरिश झाले की १३६६ मध्ये किल्केनीत कायदा करावा लागला. इंग्रज वसाहतवाल्यांनी आयरिश बोलू नये, आयरिश घरात लग्न करू नये, आयरिश चारणांना दारात उभं करू नये. गंमत म्हणजे तो कायदा लिहिला होता नॉर्मन फ्रेंचमध्ये. आलेल्यांना आपलंसं करण्याची ताकद त्या काळी या भाषेत होती.

ती ताकद मोडली सतराव्या शतकात. १६०१ मध्ये आयरिश सरदार इंग्रजांविरुद्धची किन्सेलची लढाई हरले, १६०७ मध्ये उत्तरेतले मोठे सरदार जहाजात बसून युरोपात निघून गेले आणि कवींना, गायकांना, वैद्यांच्या घराण्यांना पोसणारं कुणी उरलं नाही. उत्तरेकडच्या अल्स्टर प्रांताच्या जमिनी स्कॉटिश आणि इंग्रज वसाहतवाल्यांना वाटल्या गेल्या. मग इंग्लंडचा सेनानी क्रॉमवेल फौज घेऊन आला. त्यानंतरच्या दंडक-कायद्यांनी कॅथॉलिकांच्या, म्हणजे बहुतेक आयरिश लोकांच्या, शाळा बंद केल्या, तेव्हा मास्तर कुंपणाआड, गोठ्यांत, ओढ्याकाठी मुलं जमवून शिकवत. हेज स्कूल म्हणतात त्यांना. सत्तेची, कोर्टाची, जमिनीच्या कागदांची भाषा इंग्रजी झाली. तरी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीलाही लाखो लोक जन्मापासून मरेपर्यंत आयरिशमध्येच जगत होते. गरीब लोक, पश्चिमेकडचे, दगडाळ जमिनीवर बटाटे लावणारे.

बटाट्यांबद्दल थांबून सांगायला हवं. गव्हाचं, ओटचं पीक खंड भरण्यासाठी विकावं लागे, लोणी आणि डुकरं त्याच वाटेने जात. कुटुंबाच्या पोटासाठी उरत एक तुकडा जमीन आणि त्यातला बटाटा. कष्टकरी पुरुष दिवसाला पाच-सहा किलो बटाटे खाई, दुसरं काही नसेच. १८४५ च्या शरद ऋतूत पानं काळी पडली, खणलेले बटाटे हातात चिखलासारखे झाले. बुरशी होती ती. पुढच्या वर्षी जवळजवळ सगळं पीक गेलं. इथे त्या काळाला 'आन गोर्ता मोर' म्हणतात, मोठी भूक. १८५२ पर्यंत सुमारे १० लाख माणसं उपासमारीने आणि तापाने मेली, १० लाखांहून जास्त देश सोडून गेली. १८४१ ची लोकसंख्या सुमारे ८२ लाख होती, दहा वर्षांनी ६५ लाख. आजही साऱ्या बेटाची मिळून लोकसंख्या ७० लाखांच्या आसपास आहे. पावणेदोनशे वर्षांनंतरही हा देश आपला जुना आकडा गाठू शकलेला नाही.

आणि त्या वर्षांतही धान्य बंदरांतून बाहेर जात होतं. लंडनच्या खजिन्यात मदतीचा कारभार ज्याच्या हाती होता तो चार्ल्स ट्रेव्हेलियन आपल्याला अगदीच अनोळखी नाही. कंपनी सरकारच्या नोकरीत तो दिल्ली-कलकत्त्यात होता, १८३५ चं इंग्रजी शिक्षणाचं टिपण लिहिणारा मेकॉले त्याचा सख्खा मेहुणा, आणि पुढे तो मद्रासचा गव्हर्नर झाला. लोकांना फुकट दिलं तर ते आळशी होतील, बाजारात हात घालू नये, हे संकट ईश्वराच्याच योजनेतलं आहे, असं त्याचं मत. मला त्याच्याबद्दल शांतपणे लिहिता येत नाही. हेही सांगायला हवं की अगदी सुरुवातीच्या मदतीपैकी काही कलकत्त्यात गोळा झाली होती. अमेरिकेतले मूळ रहिवासी असलेल्या चॉक्टॉ लोकांनी १८४७ मध्ये १७० डॉलर पाठवले. सोळा वर्षांपूर्वीच त्यांना स्वतःच्या जमिनीवरून हाकललं गेलं होतं. त्यांची आठवण म्हणून कॉर्कजवळ मिडल्टनला पोलादी पिसांचं मोठं शिल्प उभं आहे. मी ते मुद्दाम जाऊन पाहिलं.

मेले कोण आणि गेले कोण? बहुतेक तेच, पश्चिमेकडचे आयरिश बोलणारे. १८५१ मध्ये शिरगणतीत पहिल्यांदा भाषेचा प्रश्न विचारला तेव्हा सुमारे १५ लाख लोकांनी आयरिश सांगितली. म्हणजे चौघांत एकसुद्धा नाही.

पण आत्याच्या प्रश्नाचं उत्तर इथेही पुरं होत नाही. दुष्काळाने माणसं नेली, उरलेल्यांची भाषा का गेली? त्याचं उत्तर एका काठीत आहे. 'बाता स्कोर' म्हणतात तिला. पोराच्या गळ्यात दोरीने लहानशी काठी अडकवायची. तो आयरिश बोलला की काठीवर एक खाच. शाळेत मास्तर खाचा मोजणार आणि तितकी शिक्षा. हे ऐकलं की आपण लगेच म्हणतो, इंग्रजांनी केलं. १८३१ पासूनच्या सरकारी शाळा इंग्रजीतच होत्या हे खरं. पण खाच पाडणारा हात पुष्कळदा बापाचा असे. ऑस्कर वाइल्डचे वडील विल्यम वाइल्ड हे डॉक्टर होते. त्यांनी पश्चिमेकडच्या एका झोपडीत हे डोळ्यांनी पाहिलं आणि लिहून ठेवलं: पोरगा काही सांगायला बापाजवळ आला, आयरिशमध्ये बोलला, बापाने त्याच्या गळ्यातली काठी हातात घेऊन खाच पाडली. त्या आईबापाचं आपल्या भाषेवर प्रेम होतं. पण पोराला जायचं होतं लिव्हरपूलला, बोस्टनला, न्यूयॉर्कला. तिथे आयरिशला कोण विचारणार? जाणाऱ्याच्या आदल्या रात्री घरात नाचगाणं व्हायचं आणि पहाटे रडणं, मेलेल्या माणसाचं जागरण करावं तसं. 'अमेरिकन वेक' म्हणत त्याला. परत कुणी येत नसे. जाणाऱ्याच्या हाती देण्यासारखं आईबापाकडे होतं एवढंच: इंग्रजी.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला माझी आई आठवली. शाळेत जाताना दारातून सांगायची, "तिथे मालवणी बोलायचं नाही हं, शुद्ध बोलायचं." गळ्यात काठी नव्हती. तिच्या आवाजात तीच काळजी होती. म्हणून त्या बापाला दोष देणं मला जमत नाही. ज्यांनी असे दिवस आणले की भाषा आणि भाकरी यांतून एक निवडावं लागावं, दोष त्यांचा.

मग लोक जागे झाले. १८८४ मध्ये थर्ल्सला गेलिक खेळांची संघटना निघाली, हर्लिंगला आणि गेलिक फुटबॉलला परत मान मिळाला. हर्लिंग एकदा तरी बघा, अ‍ॅशच्या लाकडाच्या बॅटी आणि डोळ्याला न दिसणारा वेग. १८९३ मध्ये डग्लस हाइड आणि इतरांनी भाषेसाठी संस्था काढली. हाइड प्रोटेस्टंट पाळकाचा मुलगा. कॅथॉलिक शेतकऱ्यांकडून आयरिश शिकला आणि १९३८ मध्ये देशाचा पहिला राष्ट्राध्यक्ष झाला. पॅट्रिक पियर्सने दोन भाषांची शाळा काढली. १९१६ च्या एप्रिलमध्ये डब्लिनमधल्या उठावाचा जाहीरनामा वाचला तो यानेच, आणि मे महिन्यात त्याला गोळ्या घातल्या. त्याच एप्रिलमध्ये टिळकांनी बेळगावात होमरूल लीग स्थापन केली. 'होमरूल' हा शब्दच आपल्याकडे आयर्लंडहून आला.

स्वातंत्र्यानंतर आयरिश पहिली राजभाषा झाली, शाळेत सक्तीची झाली. इथे माझं मत इथल्या बऱ्याच मित्रांसारखंच आहे: ती परीक्षेचा विषय झाली तिथे तिचं नुकसान झालं. तेरा-चौदा वर्षं शिकून चार वाक्यं न बोलता येणारे कितीतरी लोक मला भेटतात, आणि त्यांच्या चेहऱ्यावर खरोखरीची लाज असते. २०२२ च्या जनगणनेत जवळपास १९ लाख लोकांनी आयरिश येते असं लिहिलं. शाळेबाहेर रोज बोलणारे ७१,९६८. पण जिथे सगळी शाळाच आयरिशमध्ये चालते तिथली मुलं खेळताना भांडतातही आयरिशमध्ये. १९९६ पासून तिची स्वतंत्र दूरचित्रवाहिनी आहे. ज्या भाषेत भांडता येतं तिची मला फारशी काळजी वाटत नाही.

आणि जे आयरिश बोलत नाहीत त्यांच्याही तोंडात ती आहेच. डब्लिनचं नाव 'दुव लिन', काळा डोह. बॅली म्हणजे गाव, किल म्हणजे देऊळ, नॉक म्हणजे टेकडी: नकाशावर इंग्रजी लिपीत आयरिश सांडलेली आहे. नुकतंच जेवलेला माणूस इथे इंग्रजीत म्हणतो, 'आय अ‍ॅम आफ्टर ईटिंग', कारण आजीच्या आयरिशमध्ये ते वाक्य तसं होतं. शब्द बदलले, वाक्याचा सांगाडा तोच राहिला.

माझ्या कारखान्यात एक सहकारी आहे, गॉलवेच्या पश्चिमेकडच्या कॉनमाराची, घरात आयरिश बोलत वाढलेली. पहिल्या वर्षी दुपारच्या सुट्टीत आईचा फोन आला की मी उठून कोपऱ्यात जायचे आणि हळू बोलायचे. एकदा तिने विचारलं, भाषा कुठली? मी म्हटलं, मालवणी. ती म्हणाली, मग इथेच बस ना. तेव्हापासून आम्ही एकाच टेबलावर बसून आपापल्या आयांशी बोलतो. तिची आई पहिल्यांदा विचारते, "अन विल इचे अगत?" आणि ती म्हणते, "ता." माझी विचारते, "जेवलंस?" आणि मी म्हणते, "जेवलंय."