कोंबडी चालते, भात चालत नाही

आमच्या इंग्लंडमधल्या मराठी ग्रुपवर जरा ऊन पडायला लागलं की कुणीतरी विचारतंच, "घरामागे तीन-चार कोंबड्या ठेवल्या तर चालतं का हो? कौन्सिलची, म्हणजे इथल्या नगरपालिकेची, परमिशन काढावी लागते का?" आणि मग ढिगानं उत्तरं येतात, कोण म्हणतं लायसन लागतं, कोण म्हणतं दंड होतो, कोण सांगतं आमच्या ओळखीतल्यांची शेजाऱ्याने कम्प्लेंट केली, आणि एक महाशय दर वेळी झणझणीत रस्स्याचा फोटो टाकतात. आम्ही लेस्टरला राहतो, टेरेस्ड घर, म्हणजे ओळीत भिंतीला भिंत लागलेलं, मागे लांबुळकं गार्डन आणि त्यात चार कोंबड्या, तर जे काय माहितीय ते इथे लिहून ठेवते. हे सगळं इंग्लंडचं हं, स्कॉटलंडचे कायदे वेगळे.

तर, परमिशन लागत नाही. घरच्या अंड्यांपुरत्या कोंबड्या असतील तर कौन्सिलला विचारायला जावं लागत नाही आणि अमुकच कोंबड्या असा देशभराचा काही आकडा पण नाही. घर कौन्सिलचं किंवा हाउसिंग असोसिएशनचं (स्वस्त भाड्याची घरं देणारी संस्था) असेल तर मात्र भाडेकरार आधी वाचा, तिथे बहुतेक ठिकाणी लेखी विचारावं लागतं. खुराड्याला शेडचेच नियम, कुंपणाजवळ असेल तर अडीच मीटरच्या वर न्यायचं नाही, आता एवढ्या उंच खुराड्यात कोंबड्या करणार तरी काय ते सोडा.

नोंदणी मात्र लागतेच. १ ऑक्टोबर २०२४ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये एक जरी कोंबडी पाळली तरी सरकारच्या ॲनिमल अँड प्लँट हेल्थ एजन्सीकडे रजिस्टर करावी लागते. आधी ५० पक्षी असले तरच सक्ती होती. पैसे लागत नाहीत, ऑनलाइन होतं, कोंबड्या आणल्यावर महिन्याच्या आत करायचं. किती पक्षी, कुठले, कशासाठी, ठेवलेत कुठे, एवढंच विचारतात. इथल्या बऱ्याच लोकांना ह्याचा भयंकर राग आला, घरातल्या चार कोंबड्यांचा पण सरकारला हिशोब द्यायचा का वगैरे.

मला नाही आला राग. माझं माहेर खानदेशातलं, आणि फेब्रुवारी २००६ मध्ये नवापूरला बर्ड फ्लू निघाला तेव्हाचे दिवस आमच्याकडे कुणी विसरलेलं नाही. भारतातला तो पहिलाच. पोल्ट्रीच्या शेडमधल्या लाखो तर गेल्याच, पण लोकांच्या परसातल्या, डालग्याखाली झाकलेल्या पण गेल्या, आणि कुणाच्या घरी किती कोंबड्या आहेत ह्याची कुठे यादी थोडीच होती, दारोदार फिरूनच शोधायच्या. तेव्हा रोग आला तर मला आधी मेसेज यावा आणि आसपास कुठे कोंबड्या आहेत ते त्यांना माहीत असावं, एवढ्यासाठी एक फॉर्म भरायला माझी काही हरकत नाही.

आणि रोग येतो. नोव्हेंबर २०२२ ते एप्रिल २०२३ अख्ख्या इंग्लंडभर हाउसिंग ऑर्डर होती, म्हणजे कोंबड्या बाहेर मोकळ्या सोडायच्याच नाहीत, अगदी घरगुती असल्या तरी. रानटी बदकं, हंस थंडीत इकडे येतात आणि त्यांच्या विष्ठेतून पसरतं, म्हणून वरून काही पडणार नाही अशी जागा करून द्यावी लागते. आमच्या जाळीच्या पिंजऱ्यावर नवऱ्याने प्लॅस्टिकचा पन्हळी पत्रा ठोकलाय, बाजूला बारीक जाळी, तिच्यातून चिमणीसुद्धा आत येत नाही. त्याचा दुसरा फायदा कोल्ह्याचा. लेस्टरसारख्या शहरात कोल्हे मांजरांसारखे हिंडतात, दिवसाउजेडी भिंतीवर बसलेला असतो, हे गावाकडे सांगितलं तर कुणाला पटत नाही.

आता खरी गंमत. इथे घर घेताना कागदपत्रांत कोव्हेनंट म्हणून अटी असतात, आणि पुष्कळ ठिकाणी, विशेषतः नव्या वसाहतींत, सरळ लिहिलेलं असतं की ह्या जागेत कोंबड्या-बिंबड्या पाळायच्या नाहीत. तो कागद बघून माझ्या ओळखीत कितीतरी जणांनी विचारच सोडून दिला. पण १९५० चा एक कायदा आहे, अलॉटमेंट्स ॲक्ट, त्याचं कलम १२ वाचा. त्यात म्हटलंय की भाडेकरारात किंवा कोव्हेनंटमध्ये काहीही लिहिलेलं असू दे, जागा ज्याच्या ताब्यात आहे त्याला धंद्यासाठी नसतील तर कोंबड्या आणि ससे पाळता येतील, आणि त्यासाठी लागेल तेवढं खुराडं बांधता येईल. कायद्याच्या नावात अलॉटमेंट (भाजीपाला लावायला भाड्याने मिळणारा जमिनीचा तुकडा) असलं तरी हे कलम कुठल्याही जमिनीला लागू आहे. अट एकच, त्रास व्हायला नको आणि आरोग्याला धोका नको. भाड्याच्या घरात हे कलम दाखवून मालकाशी भांडू नका बाई, कायदा तुमच्या बाजूने असला तरी मालकाशी वाकडं घेऊन राहायचं अवघडच. पण घर स्वतःचं असेल तर त्या कोव्हेनंटला घाबरायचं कारण नाही.

१९५० सालच का, तर तेव्हा इथे अंडी रेशनवर होती. युद्ध संपून पाच वर्षं झाली तरी! अंड्यांचं रेशन उठलं १९५३ च्या मार्चमध्ये. युद्धात सरकारच लोकांना सांगत होतं की कोंबड्या पाळा, तुमचं अंड्याचं रेशन सोडा, त्याच्या बदल्यात आम्ही कोंबड्यांचं पीठ देतो आणि त्यात घरातलं उरलंसुरलं, बटाट्याची सालं वगैरे शिजवून घाला.

आणि आज? आज तेच बेकायदा आहे. घरातल्या किचनमधून बाहेर आलेली कुठलीही गोष्ट कोंबडीला घालायची नाही, भाजीची सालं पण नाहीत. गार्डनमधला कोबी उपटून थेट तिच्यापुढे टाकला तर चालतो, तोच कोबी किचनमध्ये आणला, चिरला आणि वरची पानं तिला टाकली तर गुन्हा. सूट फक्त पूर्ण व्हीगन घराला. आपलं शाकाहारी घर ह्यात बसत नाही हं, श्रावण पाळला तरी नाही, दूध-तूप घरात आलं की संपलं. ह्याचं मूळ २००१ च्या लाळ-खुरकुतात आहे, नॉर्थम्बरलँडमधल्या एका डुकरांच्या फार्मवर हॉटेलचं उष्टं नीट न उकळता घातलं त्यातून ती साथ सुरू झाली असं सरकारी चौकशीत निघालं, आणि साठ लाखांवर जनावरं मारावी लागली. तेव्हापासून खरकटं बंद.

कारण पटतं, पण आपल्या घरात हे पाळणं म्हणजे! सासूबाई आल्या होत्या तेव्हा रोजचा वाद. त्यांचं जेवण झालं की ताटातली शितं एका वाटीत, भाकरीचे तुकडे त्याच वाटीत, कोथिंबिरीच्या काड्या वर, आणि वाटी घेऊन निघाल्या मागच्या दाराने. "अहो आई, नको, इथे चालत नाही." "अगं काय चालत नाही? कोंबडीनं भात खाल्ला तर पोलीस येणार का?" पोलीस येत नाहीत हे खरंच आहे, कोण बघायला येणार मागच्या अंगणात. पण अंडी आम्ही शेजारीपाजारी देतो, मला ते बरं वाटत नाही, म्हणून आमच्याकडे पेलेट, म्हणजे विकतच्या खाद्याच्या गोळ्या, आणि गार्डनमधला पाला एवढंच. मग त्यांनीच त्यावर तोडगा काढला, शेडच्या भिंतीशी मेथी पेरली, उपटायची आणि तिथल्या तिथे टाकायची. कायद्यात बसलं आणि त्यांचं मनही राहिलं. ती मेथी कोंबड्या कशा खातात ते बघण्यासारखं असतं, आधी पानं नाही खात, मुळाशी चिकटलेली माती चाळतात, गांडूळ मिळालं की एक पळत सुटते आणि बाकीच्या तीन तिच्या मागे.

शेजाऱ्यांचं म्हणाल तर कोंबडीवरून भांडण होत नाही, आरवणाऱ्या कोंबड्यावरून होतं. १९५० च्या त्या कलमातही शब्द हेन्स असा आहे, त्यात कोंबड्याला संरक्षण नाही. पहाटे चारला आरवला आणि शेजाऱ्याने कौन्सिलच्या एन्व्हायर्नमेंटल हेल्थला फोन केला की ते १९९० च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली न्यूसन्स आहे का ते बघतात, किती वाजता, किती वेळ, किती वेळा, आणि पटलं तर नोटीस देतात. आपल्याकडे म्हणतात कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, इथे लोक खरंच रात्री कोंबडं काळ्याकुट्ट खोक्यात झाकून ठेवतात आणि आठ वाजता उघडतात. एवढी यातायात करायचीच कशाला, अंडी तर त्याच्याशिवायही मिळतात.

दुसरी कटकट उंदरांची. सांडलेलं खाद्य रात्रभर पडलं की उंदीर आलेच, आणि जागेतले उंदीर आवरायची जबाबदारी १९४९ च्या कायद्यानुसार तुमची आहे, कौन्सिल तसं बजावू शकतं. संध्याकाळी कोंबड्या आत गेल्या की फीडर उचलायचा, पत्र्याच्या डब्यात खाद्य ठेवायचं, झालं.

आणायच्या असतील तर पिल्लं नका आणू, दिसतात गोड पण निम्मे कोंबडे निघतात आणि शहरात त्यांना कुणी घेत नाही. सोळा ते वीस आठवड्यांच्या, अंड्यावर आलेल्या तलंगा मिळतात, त्या घ्या. नाहीतर ब्रिटिश हेन वेल्फेअर ट्रस्ट म्हणून संस्था आहे, मोठ्या फार्मवरच्या दीड वर्षाच्या कोंबड्या एरवी कत्तलखान्यात जातात त्या ते लोकांना देतात. आमच्या दोन तिथल्याच, आल्या तेव्हा मानेवर पिसं नव्हती. आधी बुकिंग करावं लागतं, आणि खुराडं तयार करून मगच जा.