'महादेव' हा एक शब्द शोधताना

माझ्या वडिलांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात 'हिंदू कोळी' असं लिहिलं आहे. आम्ही महादेव कोळी, म्हणजे अनुसूचित जमातीतले, पण त्यात 'महादेव' हा शब्द नाही. आजा अंगठा करणारा माणूस. मुलाला शाळेत घालायला गेला, गुरुजींनी विचारलं, यानं "कोळी" म्हणून सांगितलं, त्यांनी तेवढंच लिहून घेतलं. आमच्या वाडीत कुणाला 'महादेव कोळी' असं पूर्ण म्हणायची वेळच येत नाही, कारण सगळेच तेच. त्या राहून गेलेल्या एका शब्दापायी माझी पावणेदोन वर्षं गेली.

आम्ही अकोले तालुक्यातले, कळसूबाईच्या पायथ्याचे. वडील एसटीत लागले आणि आमचं घर शहरात आलं. मी तिथंच वाढले. बारावी सायन्सला असताना, ऑगस्ट 2021 मध्ये, कॉलेजमार्फत जात वैधतेचा अर्ज भरला. सगळे त्याला व्हॅलिडिटीच म्हणतात. प्रांताकडचा जमातीचा दाखला माझ्याकडे होता, पण व्यावसायिक अभ्यासक्रमाला राखीव जागा हवी तर त्या दाखल्याची तपासणी समितीकडून व्हावी लागते. वंशावळीचं प्रतिज्ञापत्र, वडिलांचे, चुलत्यांचे दाखले, सातबारा, फेरफार, सगळं जोडलं. मला वाटलं, झालं काम.

काही महिन्यांनी प्रकरण दक्षता पथकाकडे, म्हणजे घरी-गावी येऊन चौकशी करणाऱ्यांकडे, गेल्याचं कळलं. कारण विचारलं तर एवढंच उत्तर : वडिलांची नोंद 'हिंदू कोळी'.

हे दोन शब्द एवढे जड का, ते मी नंतर वाचून समजून घेतलं. कोळी नावाच्या अनेक जाती आहेत. समुद्रकाठचे, नदीकाठचे कोळी वेगळे आणि आम्ही डोंगरातले वेगळे. 1994 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ज्या प्रकरणात जमातीच्या दाव्यांची छाननी कशी करायची ते ठरवून दिलं, ते प्रकरण आमच्याच जमातीच्या नावावरचं होतं. दोन बहिणींनी महादेव कोळी म्हणून वैद्यकीय शिक्षणाच्या जागा घेतल्या होत्या आणि घरातल्या जुन्या नोंदी 'हिंदू कोळी' अशा निघाल्या. त्या निकालातून तपासणी समित्यांची पद्धत ठरली, दक्षता पथकं आली, पुढे राज्याचा कायदाही झाला. ही चाळणी आमच्याच जागा राखण्यासाठी आहे हे मला पटतं. खोट्या दाखल्यांनी आमच्या डोंगरातल्या किती पोरांच्या नोकऱ्या गेल्या, हे वाडीत लहान मूलही सांगेल. पण ज्या दोन शब्दांवरून परक्याला ओळखायचं, तेच माझ्या बापाच्या कागदावर होते. तो निकाल वाचला त्या रात्री मला झोप लागली नाही.

मग जुन्या नोंदींचा शोध सुरू झाला. अनुसूचित जमातींच्या यादीचा राष्ट्रपतींचा आदेश 6 सप्टेंबर 1950 चा. त्याआधीची नोंद असेल तर तिला सगळ्यात जास्त वजन. आजा शाळेत गेलेलाच नाही, म्हणजे शाळेचं रजिस्टर नाही. राहिलं कोतवाल बुक, म्हणजे गावनमुना 14, ज्यात कोतवाल गावातले जन्ममृत्यू लिहायचा. थोरले चुलते तहसीलच्या अभिलेख कक्षात किती वेळा गेले याची मोजदाद नाही. एकदा गावच चुकीचं निघालं, कारण आमची वाडी पूर्वी दुसऱ्या गावाच्या दप्तरात होती. एकदा वही सापडली तर पुढची पानं वाळवीनं खाल्लेली. दिवसभर बसून चुलते रिकाम्या हातानं मुक्कामी गाडीनं परत यायचे, आणि घरी आल्यावर कुणी काही विचारायचं नाही.

शेवटी 1934 सालची एक वही मिळाली. सगळी मोडी लिपीत. मीही त्या दिवशी बरोबर होते. पान सुकलेल्या सागाच्या पानासारखं तांबूस, बोट लावलं तर कोपरा सुटेल असं. वर एक लांब रेघ आणि तिला लोंबकळणारी, हात न उचलता लिहिलेली अक्षरं. मला त्यातलं एकही वाचता येईना. मोडी वाचणारे एक निवृत्त गृहस्थ होते, त्यांनी भिंग धरून एकेक ओळ लावली. पणजोबांचं नाव आलं. पुढे जातीच्या रकान्यात 'महादेव कोळी'. चुलते मटकन खाली बसले. पण नोंद पणजोबांची नव्हती, त्यांच्या मुलीची होती. नाव ठकी, वय तीन वर्षं, तापानं मयत.

आजाला एक बहीण होती हे आम्हा कुणालाच माहीत नव्हतं. संध्याकाळी आजीला सांगितलं तेव्हा ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "सासूबाई एकदा बोलल्या व्हत्या. नाव नव्हतं सांगितलं." त्या तीन वर्षांच्या पोरीच्या मरणाच्या नोंदीवर माझं शिक्षण उभं राहिलं. आजही ते लिहिताना हात थांबतो.

नोंद सापडली तरी गृहचौकशी व्हायचीच होती. पथक वाडीत येणार असं कळलं आणि मी आठ दिवस आधी आजीकडे जाऊन राहिले. आप्तभाव चाचणी म्हणतात तिला. कुलदैवत, कुळी, सण, लग्नाच्या रीती, मयतानंतरचे विधी, नाच, गाणी, बोली, सगळं विचारतात. शहरात आमच्या घरात गणपती बसतो, दिवाळीला फराळ होतो. लग्नं हॉलमध्ये होतात. मला हळदीच्या गाण्याची एक ओळही येत नव्हती, आणि याची मला मनापासून लाज वाटली.

आजी म्हणाली, "पाठ कशाला करती? मी काय सांगती ते बघून घे." तिनं मला वाघोबाकडे नेलं. शिवारच्या कडेला शेंदूर लावलेला दगड, त्यावर वाघ कोरलेला, वर चंद्र आणि सूर्य. वाघबारशीला गुराखी पोरं घराघरांतून दूध आणि तांदूळ गोळा करतात, तिथंच खीर शिजते, आधी नैवेद्य वाघोबाला. मग एक पोरगा वाघ होतो, एक अस्वल, एक कोल्हा, आणि बाकीचे त्यांना हुसकून लावत विचारतात, "आमच्या शिवारात येशील का?" वडीलही लहानपणी वाघ झाले होते, हे मला त्या दिवशी कळलं. त्यांनी कधी सांगितलं नव्हतं, मीही कधी विचारलं नव्हतं.

पथकाचे साहेब आणि संशोधन अधिकारी मॅडम ओटीवर बसल्या. मला जे येत होतं ते मी सांगितलं, जे येत नव्हतं ते "मला येत नाही, मी शहरात वाढले" म्हणून सांगितलं. गाण्यापाशी मी अडले तेव्हा आजी आतून बाहेर आली आणि कुणी न सांगता गायला लागली. मग राघोजी भांगरेंवर आली. देवगावचे राघोजी, आमच्या याच मुलखातले, इंग्रजांनी 2 मे 1848 ला ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिलेले. आजीला साल माहीत नाही. ती त्यांचं नाव घरातल्या वडीलधाऱ्याचं घ्यावं तसं घेते. मॅडमनी लिहिणं थांबवून ऐकलं, ते मला फार मोलाचं वाटलं.

तरी एक प्रश्न मला बोचलाच. साहेबांनी विचारलं, "तुमच्या घरात आता यातलं काय पाळतात?" हा प्रश्न शहरात गेलेल्या कुठल्याच दुसऱ्या जातीच्या पोरीला विचारत नाहीत. तिनं जीन्स घातली, इंग्रजी बोलली, तरी ती जी आहे तीच राहते. आम्ही मात्र तशाच राहिलो तर मागास आणि बदललो तर संशयित. हे मी तेव्हा बोलले नाही. बोलायला हवं होतं.

नर्सिंगला प्रवेश हमीपत्रावर मिळाला होता. वैधता आली नाही तर प्रवेश रद्द, हे त्यावरच लिहिलेलं. सुनावणीच्या दोन तारखा लागल्या. दरम्यान 24 मार्च 2023 ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. ठाकर जमातीच्या एका संघटनेनं नेलेलं प्रकरण होतं ते. आप्तभाव चाचणी ही अंतिम कसोटी धरता येणार नाही, असं तीन न्यायमूर्तींनी सांगितलं. स्थलांतरानं, शिक्षणानं, बाहेरच्या संपर्कानं माणसाच्या चालीरीती बदलतात, हा विचार त्यामागे होता. वडिलांनी मोबाइलवर ती बातमी मला मोठ्यानं वाचून दाखवली आणि शेवटच्या ओळीला त्यांचा आवाज कापला.

मे महिन्यात प्रमाणपत्र आलं. आजीला वाचून दाखवलं. तिनं विचारलं, "यात ठकीचं नाव कुठं हाय?" मी म्हटलं, नाही. मग तिनं मला मोडीच्या पानाची नक्कल मागितली आणि ती देव्हाऱ्याच्या फळीवर ठेवली.

यंदा धाकट्या चुलत बहिणीचा अर्ज भरला. वडिलांकडच्या रक्ताच्या नातेवाइकाची वैधता असेल तर ती मोठा पुरावा धरतात, म्हणून माझं प्रमाणपत्र सगळ्यात वर लावलं. खाली 1934 ची नक्कल आणि तिचं देवनागरी लिप्यंतर. वाघबारशीला ती माझ्याबरोबर वाडीत येणार आहे. दूध गोळा करायला तिला पोरांबरोबर जायचंय. आतापर्यंत पोरीच जात नव्हत्या. आजीला विचारलं तर म्हणाली, "जाऊ दे की."