फॉल्स सीलिंगच्या वर नेमकं कुठे?

इमारत ताब्यात दिली जाते तेव्हा तिची माहिती दोन ठिकाणी असते, आणि या दोन ठिकाणांची एकमेकांशी ओळखसुद्धा नसते. एक बिम मॉडेल, म्हणजे इमारतीची संगणकातली प्रतिकृती : भिंती, डक्ट, पाइप, केबल ट्रे, सगळं त्रिमितीत, मापांसकट. दुसरी बीएमएस, म्हणजे कंट्रोल रूममधली ती यंत्रणा, जिच्यावर एएचयू (हवा थंड करून डक्टमधून पाठवणारी यंत्रं) चालू-बंद होतात, चिलरने थंड केलेल्या पाण्याचं तापमान दिसतं, अलार्म वाजतात. मी पुण्यात बीएमएसचं कमिशनिंग, म्हणजे ती तपासून चालू करून द्यायचं काम, करते, आणि या दोघांना जोडायची चर्चा हल्ली जवळजवळ प्रत्येक साइटवर ऐकते. चर्चा बहुतेक वेळा स्क्रीनवर फिरणाऱ्या रंगीत इमारतीची असते. मला मात्र त्यातला खरा फायदा एका तापलेल्या मीटिंग रूममध्ये कळला.

चौथा मजला, दुपारची वेळ. खोली 27 अंशांवर, सेटपॉइंट, म्हणजे ठरवून दिलेलं तापमान, 24. बीएमएसवर पाहिलं तर व्हीएव्ही बॉक्सचा (खोलीत किती हवा सोडायची ते सांभाळणाऱ्या पेटीचा) डँपर, म्हणजे हवेची झडप, 100 टक्के उघडा, एएचयूमधून निघणारी हवा 14 अंशांची. म्हणजे थंड हवा आहे, दार उघडं आहे, पण बॉक्समधला हवेचा प्रवाह जवळपास शून्य. फ्लो सेन्सर बिघडला असणार, असं सगळ्यांनाच वाटलं. टेक्निशियन दादा शिडी घेऊन आले आणि म्हणाले, "मॅडम, बॉक्स नेमका कुठल्या टाइलच्या वर आहे?" त्याचं उत्तर बीएमएसकडे नव्हतं. स्क्रीनवरचा नकाशा फिट-आउटच्या, म्हणजे ऑफिसच्या आतल्या बांधणीच्या, आधीचा होता आणि मधल्या पार्टिशन कधीच हलल्या होत्या. सहा-सात टाइल काढल्यावर बॉक्स सापडला. सेन्सर ठणठणीत होता.

मग लॅपटॉपवर मॉडेल उघडलं. बॉक्सपासून डक्ट धरून उलटं शाफ्टकडे जात राहिलो, तर कॉरिडॉरच्या भिंतीत एक फायर डँपर, म्हणजे आगीच्या वेळी डक्ट बंद करणारी झडप, दिसला. तिथली टाइल काढून पाहिलं, तो बंद! चाचणीच्या वेळी बंद केलेला, परत उघडायचा राहून गेलेला. त्याचा सिग्नल फायर अलार्म पॅनेलला जात होता, त्यामुळे बीएमएसमध्ये त्याचा पॉइंटच (सिग्नलची नोंद) नव्हता. हवा कुठून कुठे जाते हे मॉडेलला ठाऊक होतं, आत्ता जात नाहीये हे बीएमएसला. दोघं जोडलेले असते तर तक्रार आल्याआल्या त्या डँपरपाशीच पोचता आलं असतं.

मग जोडत का नाहीत? तांत्रिक साधनं नाहीत असं मुळीच नाही. बीएमएसच्या उपकरणांनी एकमेकांशी बोलायचं बॅकनेट हे मानक बनवायला ॲश्रे या वातानुकूलन अभियंत्यांच्या संस्थेच्या समितीने 1987 मध्ये सुरुवात केली, 1995 मध्ये ते प्रसिद्ध झालं. मॉडेलच्या देवाणघेवाणीचं आयएफसी 2013 मध्ये आयएसओ 16739 म्हणून आलं. त्यात सेन्सर, ॲक्च्युएटर (झडप हलवणारी मोटर), कंट्रोलर यांना स्वतःची जागा आहे. दोन्ही मानकं खुली आहेत. घोडं अडतं ते ओळखीवर. त्याच एका व्हीएव्ही बॉक्सला मॉडेलमध्ये सॉफ्टवेअरने दिलेला लांबलचक क्रमांक, डक्टवाल्याच्या शॉप ड्रॉइंगवर वेगळा टॅग, बीएमएसमध्ये डिव्हाइस इन्स्टन्स (उपकरणाचा क्रमांक) आणि 'ॲनालॉग इनपुट 3', आणि मेंटेनन्सच्या रजिस्टरात आणखीच काहीतरी. चार नावांचा एकच माणूस शोधायचा तसं हे काम होतं, आणि ते हँडओव्हरच्या आदल्या आठवड्यात कुणालाच नको असतं.

त्यात बीएमएसचा कंत्राटदार साइटवर येतो सगळ्यात शेवटी. तोवर मॉडेलचं काम संपलेलं असतं, कारण ते बनवलेलं असतं पाइप डक्टला धडकू नये म्हणून. डक्ट मिलिमीटरपर्यंत अचूक, पण त्यात बसणारा तापमानाचा सेन्सर मॉडेलमध्ये असेलच असं नाही. माझा आग्रह असा, की आयओ समरी, म्हणजे बीएमएसच्या सगळ्या पॉइंट्सची यादी, तयार होते तेव्हाच प्रत्येक ओळीत मॉडेलमधल्या घटकाचा आयएफसी ओळखक्रमांक लिहावा. तो 22 अक्षरांचा असतो, हाताने लिहायची गरज नाही, मॉडेलमधून यादी काढता येते. आणि टॅग सगळ्यांनी एकच वापरायचा, तोही फॉल्स सीलिंग बंद व्हायच्या आत जागेवर जाऊन ताडून. एवढा एक तक्ता नीट असला तर पुढचं कुठलंही सॉफ्टवेअर जोडता येतं. तो नसेल तर महागातलं सॉफ्टवेअरही नुसतं चित्र दाखवतं.

चालू रीडिंग मॉडेलच्या फाइलमध्ये भरायचा मोह मात्र टाळावा. 3,000 पॉइंट्सचं रीडिंग दर पाच मिनिटांनी घेतलं तर दिवसाला 8,64,000 नोंदी होतात. त्यांची जागा वेगळ्या डेटाबेसमध्ये. मॉडेलने फक्त कुठली नोंद कोणाची एवढं सांगावं. कोण कोणाला हवा पुरवतं, कुठला पॉइंट कुठल्या यंत्राचा, हे संबंध मांडायला ब्रिक नावाची खुली पद्धत 2016 पासून आहे. मला ती आवडते, कारण ती तापलेल्या खोलीपासून एएचयूपर्यंतचा माग संगणकाला काढू देते.

आणि त्रिमितीतल्या चित्रावर क्लिक करून सेटपॉइंट बदलायची सोय ग्राहकाने मागितली तरी मी नाही म्हणते. पाहायचं तिथून, हुकूम द्यायचे बीएमएसमधूनच. तिथे ऑपरेटरचं लॉगिन असतं, कोणी काय बदललं याची नोंद राहते. हॉस्पिटलच्या ऑपरेशन थिएटरची हवा कुणाच्या चुकीच्या क्लिकवर अवलंबून ठेवता येत नाही.

अवघड प्रश्न त्यानंतरचा. दोन वर्षांनी एखादा ॲक्च्युएटर बदलला, पार्टिशन हलली, सेन्सर दुसऱ्या भिंतीवर गेला, तर तक्ता कोण सुधारणार? मॉडेल बनवणारी टीम तोवर दुसऱ्या प्रकल्पावर गेलेली असते. म्हणून हल्ली मी देखभालीच्या वर्क ऑर्डरमध्येच एक रकाना घालायला सांगते : टॅग तोच आहे का, जागा तीच आहे का. तो भरल्याशिवाय काम बंद करायचं नाही. दादांना त्यासाठी मॉडेल उघडावं लागत नाही, मोबाइलवर दोन खुणा आणि एक फोटो पुरतो. सुधारणा करणारा माणूस मात्र इमारतीच्याच पगारावर हवा, आणि त्याची तरतूद टेंडरमध्ये लिहून घ्यावी लागते.