दुप्पट ताकद आणि अडतीस किलो वजन

गेल्या दिवाळीनंतर मी हीरोची एक्सपल्स २०० ४व्ही बाजूला ठेवून रॉयल एनफील्डची हिमालयन ४५० ही मोटरसायकल घेतली. तेव्हापासून सोलापुरातले ओळखीचे रायडर मला एकच प्रश्न विचारत आहेत, की एवढी अवजड गाडी पाणंदीत, ओढ्यात आणि नदीच्या वाळूत चालते तरी कशी. प्रश्न रास्त आहे आणि चहाच्या टपरीवर उभ्या उभ्या त्याचे धड उत्तर देता येत नाही, म्हणून आतापर्यंतचा अनुभव सविस्तर लिहीत आहे. माझे मत आधीच सांगतो. वाढलेल्या ताकदीचा मोठा उपयोग मला कच्च्या वाटेपर्यंत पोहोचताना आणि दिवसभर दमल्यावर घरी परतताना झाला आहे. प्रत्यक्ष कच्च्या वाटेवर मात्र तीच ताकद मला नव्याने शिकावी लागली.

सोलापूरच्या रायडरला सह्याद्रीसारखे दाराशी डोंगर नाहीत. आमच्याकडच्या वाटा म्हणजे दोन शेतांमधली पाणंद, ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या पडलेला शिवरस्ता, मुरमाचे माळ, आटलेले ओढे आणि सीना-भीमेचे काठ. यातल्या बऱ्याच वाटा घरापासून तासाभराच्या अंतरावर आहेत, पण चढ-उताराची खरी मजा घ्यायची असेल तर बालाघाटाच्या रांगेत, येडशीच्या बाजूला जावे लागते, आणि सह्याद्री गाठायचा असेल तर पुणे हायवेवर अडीचशे किलोमीटर घासल्याशिवाय इलाज नसतो. म्हणजे रविवारी तीन तास कच्च्यात गाडी चालवायची असेल तर चार-पाच तास डांबरावर काढावे लागतात. ही विभागणी लक्षात घेतल्याशिवाय गाडीची निवड करू नये, असे मला वाटते.

एक्सपल्सने मला हा छंद लावला, त्यामुळे तिच्याविषयी मी कृतज्ञतेनेच लिहीन. १९.१ पीएसचे (पीएस हे ताकदीचे एकक) इंजिन, सुमारे १५८ किलो वजन, पुढे २१ इंची आणि मागे १८ इंची स्पोकचे चाक, २२० मिलिमीटर ग्राउंड क्लिअरन्स (जमिनीपासून गाडीच्या पोटापर्यंतचे अंतर). तीन वर्षांत मी ती इतक्या वेळा पाडली की नेमका आकडा सांगता येणार नाही, आणि प्रत्येक वेळी एकट्याने उचलली. ती आडवी झाली की मन घाबरत नसे, आणि मन घाबरत नसल्यामुळेच मी अवघड वाटांवर जाण्याचे धाडस करू शकलो. नवशिक्याला मी आजही तशीच हलकी गाडी घ्यायला सांगतो.

अडचण हायवेवर होती. मोहोळच्या पुढे मोकळ्या रानातून समोरचा वारा सुरू झाला, पाठीला बॅग आणि मागे तंबू असला, की ताशी ८० ची गती टिकवण्यासाठी पाचव्या गिअरमधून चौथ्यात यावे लागे. उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरला ओलांडताना मागच्या ट्रकचा अंदाज तीनदा घ्यावा लागे. संध्याकाळी परतताना हात आणि पाय इंजिनाच्या थरथरीने बधिर झालेले असत. येडशीजवळच्या एका लांब मुरमाड चढावर गेल्या वर्षीच्या एप्रिलमध्ये पहिल्या गिअरमध्ये अर्धा क्लच दाबत, एक्सिलेटर पिळत मी गाडी वर नेली खरी, पण माथ्यावर पोहोचल्यावर क्लच प्लेटचा जळका वास येत होता आणि क्लच सोडला तरी गाडी जागची हलत नव्हती. बाभळीच्या विरळ सावलीत पाऊण तास बसून राहिलो, तेव्हा मोठ्या गाडीचा विचार पहिल्यांदा मनापासून केला.

पर्याय तीन होते. एक्सपल्स २१० हा सर्वांत सोपा बदल होता: २४.६ पीएस, पाण्याने थंड होणारे इंजिन, सहा गिअर. पण हायवेवरची माझी तक्रार तिने अर्धीच मिटवली असती. केटीएमची ३९० एन्ड्युरो आर ही गाडी कच्च्या वाटेसाठी तिघींत सर्वांत सरस आहे याविषयी माझ्या मनात शंका नाही, कारण तिचे ४६ पीएसचे इंजिन हिमालयनपेक्षा हलक्या गाडीवर बसवलेले आहे. परंतु ८६० मिलिमीटर उंचीच्या सीटवर बसल्यावर माझ्या पाच फूट पाच इंच उंचीला केवळ एका पायाचा चवडा जमिनीला टेकत होता, आणि लहान टाकीमुळे लांबच्या प्रवासात पेट्रोल पंपांचा हिशोब सतत डोक्यात ठेवावा लागला असता. हिमालयनची सीट ८२५ मिलिमीटर, टाकी १७ लिटर, ताकद ४० पीएस आणि टॉर्क (इंजिनाचा फिरवण्याचा जोर) ४० न्यूटन मीटर. वजन मात्र १९६ किलो. जुन्या गाडीच्या तुलनेत ताकद दुप्पट आणि वजन अडतीस किलोने जास्त, हा सौदा मी डोळे उघडे ठेवून केला.

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला आणि त्याहून मोठ्या गाड्यांवरचा ४० टक्के झाला. साहजिकच मी जुन्या बाजाराकडे वळलो आणि पुण्यात एक २०२४ ची गाडी मिळाली. जुनी डोंगरी गाडी घेताना रंग आणि किलोमीटर पाहण्यापेक्षा खाली वाकून पाहावे. मी इंजिनाखालच्या बॅश प्लेटवरचे ओरखडे मोजले, दोन्ही रिमवर बोट फिरवून ठोकर शोधली, पेन्सिलीने एकेक स्पोक वाजवून ऐकला (सैल स्पोकचा आवाज बसका येतो), पुढच्या शॉकअपच्या नळ्यांवर तेलाची ओल आहे का ते पाहिले. एवढे करूनही एक गोष्ट निसटली. पुढचे चाक उचलून हँडल हळूहळू वळवले असते तर ते मध्यभागी एका खाचेत अडकल्यासारखे थांबते हे कळले असते. कोनसेट (हँडल ज्यावर वळते ते बेअरिंग) गेलेला होता आणि विकणाऱ्याने त्याविषयी चकार शब्द काढला नव्हता. सोलापुरात आल्यावर तो बदलावा लागला. ही तपासणी दोन मिनिटांची आहे, ती कोणी चुकवू नये.

पुण्याहून सोलापूरपर्यंतचा प्रवास मी कधी एवढ्या शांतपणे केलेला नव्हता. सहाव्या गिअरमध्ये ८० च्या गतीला इंजिन दम न लागता चालत राहिले, आणि भिगवणच्या पुढे उजनीवरून येणाऱ्या वाऱ्यातही गिअर उतरवावा लागला नाही. घरी उतरलो तेव्हा हातांत थरथर नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा गाडी काढावीशी वाटली, यातच सगळे आले.

खरी परीक्षा हत्तरसंग कुडलला झाली. भीमा आणि सीना जिथे मिळतात ते हे ठिकाण, शके ९४० मधल्या मराठी शिलालेखामुळे आपल्याला ठाऊक असलेले. २०२५ च्या सप्टेंबरात सीनेला आलेल्या महापुराने नदीकाठच्या ओळखीच्या वाटा गाळाने आणि वाळूने भरून टाकल्या होत्या. देवळांपासून बरेच दूर, काठाकाठाने जाणाऱ्या वाटेवर साधारण दोनशे फुटांचा भुसभुशीत वाळूचा पट्टा लागला. एक्सपल्सवर असतो तर पहिल्या गिअरमध्ये पूर्ण एक्सिलेटर देऊन वेग तुटू न देता निघालो असतो, आणि सवयीने मी तेच केले. मागचे चाक एका श्वासात एक्सलपर्यंत रुतले. लहान गाडी वाळूत हळूहळू हार मानते. मोठी गाडी स्वतःचा खड्डा स्वतःच, आणि तुम्ही विचार करण्याआधी, खणते.

गाडी आडवी पाडून, खड्डा वाळूने भरून, पुन्हा उभी केली आणि दुसऱ्यांदा दुसऱ्या गिअरमध्ये निघालो. फुटरेस्टवर उभे राहून कंबर मागे घेतली, हँडल बोटांत सैल धरले आणि मनगट जेमतेम वळवले. इंजिनाचा आवाज चढलाच नाही. खालच्या आवाजातच गाडीने मला ओढत नेले, पुढचे चाक डावी-उजवीकडे तरंगत राहिले आणि वाट सुटली नाही. कमी आवाजातला तो ओढा म्हणजे टॉर्क, हे त्या दिवशी मला पहिल्यांदा अंगाने समजले. येडशीचा तो चढही मग याच पद्धतीने, दुसऱ्या गिअरमध्ये, क्लचला हात न लावता चढून झाला.

काळ्या मातीत मात्र ताकदीला काही अर्थ राहत नाही. आपल्याकडची ही माती पाणी पिऊन फुगते आणि लोण्यासारखी निसरडी होते. टायरच्या खाचा दहा फुटांत बुजतात आणि मग चाक म्हणजे मातीचा गुळगुळीत गोळा उरतो. डिसेंबरात मोहोळ तालुक्यातल्या एका पाणंदीत उसाला सोडलेले पाणी बांध फोडून वाटेवर आले होते. जेमतेम तीस फूट ओले होते. मधोमध मागचे चाक आडवे सरकले आणि गाडी उजव्या अंगावर बसली. गाडी उचलण्याची रीत मला ठाऊक होती: गिअर पडलेला असू द्यावा म्हणजे चाक फिरत नाही, उजवीकडे पडली असेल तर साइड स्टँड आधीच बाहेर काढावा, सीटला पाठ लावून बसावे, एका हाताने हँडलचे खालचे टोक आणि दुसऱ्या हाताने मागची पट्टी धरून पायांच्या जोरावर मागे मागे सरकत उठावे. कोरड्या जमिनीवर हे जमते. तिथे माझेच बूट निसटत होते. तिसऱ्या प्रयत्नानंतर मी थांबलो, कारण कंबर धरली असती तर घरी फोन करण्याशिवाय मार्ग उरला नसता.

वरच्या फडातून एक वयस्कर शेतकरी आले. त्यांनी गाडीकडे, मग चाकाकडे पाहिले आणि म्हणाले, "मालक, अशी न्हाई निघायची. आधी चाक मोकळं करा." कमरेचे खुरपे काढून त्यांनी मडगार्ड आणि टायर यांच्यामध्ये घट्ट बसलेला चिखल वडीसारखा कापून काढायला सुरुवात केली. चाक हाताने फिरू लागल्यावर आम्ही दोघांनी गाडी उभी केली, वाटेवर उसाचे पाचट पसरले आणि इंजिन चालू ठेवून मी बाजूने चालत ती बाहेर काढली. जाताना त्यांनी एवढेच विचारले, "डांबरी हाय की तिकडनं, हिकडनं कशाला आलाव?" मी खरे कारण सांगितले, की मला या वाटा आवडतात. ते समाधानाने हसले. त्या दिवसापासून माझ्या टूलबॅगमध्ये पान्ह्यांच्या शेजारी एक खुरपे असते.

गाडीत मी बदल थोडेच केले. हँडल थोडे उंच केले, म्हणजे उभे राहून चालवताना पाठ वाकत नाही. मूळ टायर झिजल्यावर खोल खाचांचे बसवले; मागचे चाक १७ इंची असल्यामुळे त्यात निवड कमी मिळते. माझी गाडी ट्यूबची आहे, आणि बाभळीच्या काट्यांच्या या मुलखात ट्यूबलेस स्पोकच्या रिमचा खर्च पुढेमागे करावाच लागेल. हवा कमी केली की पकड वाढते हे खरे, पण ट्यूब दगडावर चिमटून फाटण्याचा धोकाही वाढतो, म्हणून मी बेताने कमी करतो आणि हातपंप सोबत ठेवतो. मुरमाच्या उतारावर मागच्या चाकाचे एबीएस (ब्रेक लावल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) बंद ठेवतो. उन्हाळ्यात रेडिएटरचा पंखा सारखा चालतो आणि गरम हवा पिंढऱ्यांवर येते, ते सोसावे लागते. मात्र त्या जाळीत कुसळे आणि चिखल अडकू देऊ नये, प्रत्येक फेरीनंतर हलक्या धारेने धुवावे. पेट्रोल अर्थातच जास्त लागते.

मोठ्या गाडीचा आवाज आणि चाकांचा मार दोन्ही जास्त आहेत, म्हणून काही नियम मी स्वतःला घालून घेतले आहेत. नान्नजच्या माळढोक अभयारण्यात गाडी घालायची नाही, आणि आजूबाजूच्या माळांवरही काळविटांचे कळप दिसले की इंजिन बंद करून थांबायचे. शाळूची पेरणी झालेल्या रानातून, वाट कितीही जुनी असली तरी, विचारल्याशिवाय जायचे नाही.

एक्सपल्स मी विकली नाही. ती मोहोळला माझ्या पुतण्याकडे आहे, तो तिच्यावर शेतात ये-जा करतो. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत हिमालयन मुरमाच्या आणि डांबराच्या वाटांवर राहील, आणि काळ्या रानात जायचे झाले तर मी मोहोळपर्यंत एसटीने जाऊन पुतण्याकडून जुनी गाडी मागून घेणार आहे. त्याला तसे सांगून ठेवले आहे.